कोकण किनाऱ्यावरची रॉक गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी हा मजकूर आहे. गिटारच्या देखभालीचे बहुतेक सल्ले थंड देशातल्या घरांचे असतात. तिथे हीटरने लाकूड सुकतं, म्हणून ओलावा द्या असं सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलाव्यापासून पळायचं असतं, वर खारी हवा बारा महिने असते. म्हणून इथली उत्तरं वेगळी आहेत.

पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यावी?

फिक्स्ड ब्रिजची, म्हणजे तारा अडकवलेला तुकडा अंगावर पक्का बसवलेली, घ्या. पुढे कितीही हौस वाटली तरी पहिली गिटार फ्लॉइड रोझ, म्हणजे बारने हलणाऱ्या ब्रिजची नको. तो ब्रिज दोन खिळ्यांवर सुरीसारख्या धारेने टेकलेला असतो. त्या धारेवर गंज धरला की बार दाबून सोडल्यावर तारा पूर्वीच्या सुरावर येत नाहीत. शिवाय तार घट्ट धरणारे बारीक पोलादी स्क्रू दोन पावसाळ्यांत असे जाम होतात की पाना फिरतो आणि स्क्रूचं डोकंच झिजतं. सोनेरी मुलाम्याचे भागही टाळा, कारण घामाने तो मुलामा लवकर उडतो. क्रोम टिकतं. फिनिश जाड पॉलिएस्टरचं असावं. नायट्रोसेल्युलोज दिसायला सुंदर, पण दमट हवेत मानेमागे हाताला चिकट लागतं.

यामाहा पॅसिफिका 120H, स्क्वायरची टेलिकास्टर किंवा कॉर्ट आणि आयबनेझ यांच्या नवशिक्यांसाठीच्या, फिक्स्ड ब्रिजच्या गिटारी, यांत उगाच भांडत बसण्यासारखा फरक नाही. फरक असतो तो समोरच्या नगात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. केबल लावून जॅक हलवा. खरखर झाली तर बहुधा जॅकचा नट सैल आहे किंवा आतली पट्टी ढिली आहे. दोन्ही किरकोळ आहे. मान पिळलेली दिसली तर मात्र ती गिटार जागीच ठेवा.

तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात. ब्रँड बदलू का?

आधी सवय बदला. बारीक ई, बी आणि जी या तारा वेटोळं नसलेल्या पोलादाच्या असतात, वर कथलाचा पातळ मुलामा. बोटांचा घाम आणि हवेतलं मीठ मिळून तो मुलामा जिथे फुटतो तिथे गंजाचा ठिपका उठतो. तारेखालून नख फिरवा, खरखरीत लागलं की तार गेली. डोळ्यांना ती वरून अजून चकचकीत दिसत असते, कारण वरची बाजू तुम्ही पुसता आणि खालची कुणीच पुसत नाही.

वाजवण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराचा तुकडा प्रत्येक तारेभोवती चिमटीत धरून नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत दोनदा ओढा. मग ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, पुसा. एवढं दीड मिनिटात होतं आणि एवढ्याने साध्या तारा पावसाळ्यातही तीन-चार आठवडे निघतात. सॅडलच्या स्क्रूंना महिन्यातून एकदा टाचणीच्या टोकावर मावेल इतकं शिवणयंत्राचं तेल लावा. थेंब सोडू नका. तेल लाकडात उतरलं की डाग जात नाही.

कोटिंगच्या तारा महाग असल्या तरी किनाऱ्यावर परवडतात. घेताना बारीक तारांवरही गंजरोधक मुलामा असल्याचं पाकिटावर लिहिलंय का ते बघा, नाहीतर जाड तारा नव्या राहतात आणि बारीक ई गंजून तुटते. जादा तारा हवाबंद पाकिटातच ठेवा. पाकीट फोडलं की वेळ मोजायला सुरुवात होते, मग तार गिटारवर असो वा कपाटात.

तार कायम ब्रिजपाशी तुटत असेल तर दोष तारेचा नाही. सॅडलच्या खाचेत गंजाने किंवा झिजून धार तयार झालेली असते. जुन्या ए तारेचा तुकडा त्या खाचेत करवतीसारखा वीस-पंचवीस वेळा हलकेच ओढा, धार मोडते.

पावसाळ्यात गिटार ठेवायची कुठे?

लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे श्रावणात घरात 85-90 टक्के सहज असते. शे-दोनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, नाहीतर सगळा अंदाजाचा कारभार होतो.

जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. जांभा पाणी पितो आणि भिंत आतून गार व ओली राहते. आतल्या भिंतीवर किंवा लाकडी कपाटात ठेवा. कपाटाच्या तळाशी 15 वॅटचा जुना पद्धतीचा तारेचा बल्ब लावून ठेवणं हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. हिशेब असा: 27 अंशाची, 90 टक्के ओलाव्याची हवा 32 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 68 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्ब आणि गिटार यांत निदान दीड फूट अंतर हवं, आणि बल्बजवळ कपडा, कागद किंवा फोम अजिबात नको.

सिलिका जेल वापरायचं तर हार्ड केसमध्ये, शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन पुड्या. कापडी बॅगेत ते दोन-चार दिवसांत भरून जातं, कारण बॅग श्वास घेत असते. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास, पातळ थरात सुकवा. ते ताट पुन्हा जेवणाकडे वळवायचं नाही.

फ्रेटबोर्डवर पांढरी बुरशी आलीय.

कोरड्या ब्रशने अंगणात झाडा, घरात नको. मग किंचित ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. बॅगेचं अस्तर उलटं करून दोन दिवस उन्हात टाका. बुरशी बहुतेक वेळा तिथून परत येते. वर लावायचंच असेल तर रोझवूडवर लेमन ऑइलचे चार थेंब, वर्षातून दोनदा. पॉलिश केलेल्या मेपलला काहीच लागत नाही.

खोबरेल तेल चालेल?

नाही. ते खवटतं, धूळ धरतं, आणि ऑक्टोबरपर्यंत फ्रेटच्या कडेला काळा चिकट थर बसतो.

जुलैपासून तारा उंच वाटतात किंवा खडखडतात. ट्रस रॉड फिरवू?

आधी मोजा. ट्रस रॉड म्हणजे मानेतली, तिचा बाक बदलणारी सळई. दमट हवेत मान कधी पुढे वाकते, कधी मागे. लाकडाच्या तुकड्यावर अवलंबून असतं. गिटार सुरात लावा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे शरीराला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तार आणि फ्रेट यांत जी फट दिसते ती साधारण 0.25 मिमी असावी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, तोच चालतो. फट जास्त असेल तर रॉड उजवीकडे, नसेलच तर डावीकडे. एका वेळी फक्त पाव फेरा, मग सूर लावून पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा बघायचं, कारण मान सावकाश बसते.

पाना मापाचा हवा. इंचाचा पाना मिमीच्या नटात जवळपास बसतो, आणि या "जवळपास"मुळेच नटाच्या कडा गोल होतात. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा. पावसाळ्यात केलेला फेरा डिसेंबरात परत उलटा द्यावा लागतो, तेव्हा किती फिरवलं ते केसच्या झाकणावर लिहून ठेवा.

मान सरळ करून झाली की तारांची उंची बघा: सतराव्या फ्रेटवर साधारण 1.6 मिमी. हा क्रम उलटा केला की दोन्ही कामं फुकट जातात.

माइकला ओठ लागले की झटका बसतो. इतरांना बसत नाही, मलाच का?

कारण तुमच्या हातात तारा आहेत. तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी साउंडवाल्याच्या मिक्सरच्या अर्थला. दोन्ही एकाच खऱ्या अर्थवर असतील तर काही होत नाही. एकाला अर्थच नसेल तर तुम्ही त्या दोघांना जोडणारी वायर होता.

याला किरकोळ समजू नका. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 साली स्वान्झीच्या रंगमंचावर, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. शिमग्याच्या किंवा गणपतीच्या मांडवात ओली जमीन, अनवाणी पाय आणि जनरेटर असतो. तिथे हे हमखास तपासायचं.

पाच-सहाशे रुपयांचा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. आधी सॉकेट: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास दिसेल. फेज-अर्थही जवळपास तेवढंच दिसायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी आलं तर अर्थ तुटलेलं आहे. मग एक टोक गिटारच्या ब्रिजला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टपर्यंत ठीक. 100-115 दिसलं तर बहुधा कुणाचा तरी अडॉप्टर अर्थशिवाय तरंगतोय. त्याची नुसती झिणझिण जाणवते, पण झिणझिण आणि मारक दोष यांतला फरक ओठांनी ओळखायचा नसतो. ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्या, बोर्डाआधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) लावा. माइकवर फोमची टोपी घालणं हा आजच्या रात्रीपुरता आडोसा आहे, इलाज नाही.

हम जातो म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे अजून भेटतात. ती पिन कधीही काढू नका. दोन अर्थच्या फेऱ्यामुळे हम असेल तर डीआय बॉक्सवरचं (गिटार मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं.

घरची गोष्ट वेगळी. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं तरी मीटरवर फरक दिसतो.

झटका नाही, पण सतत घरघर येते.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते? मग वायरिंग ठीक आहे, तुमचं शरीर ॲन्टेनासारखं वागत होतं ते थांबलं. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर सुटलेली आहे. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दहा मिनिटांचं काम.

गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा. एका दिशेला घरघर जवळजवळ नाहीशी झाली तर सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) आजूबाजूचं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ऐकतोय. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हे नेहमीचे अपराधी. लाइट गेल्यावरच घरघर सुरू होत असेल तर तो इन्व्हर्टरच. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरशिवाय त्यावर दुसरा इलाज नाही.

ट्यूब ॲम्प घ्यावा का?

इथे आमचं मत स्पष्ट आहे: गावात राहत असाल तर नाही. ट्यूबचा हीटर 6.3 व्होल्टवर चालतो. लाइन 190 वर घसरली की तो 5.2 वर येतो आणि आवाज मेल्यासारखा होतो. ट्यूब बदलायची तर मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. आणि 15 वॅटचा ट्यूब ॲम्प दहा बाय बाराच्या खोलीत खुलेपर्यंत शेजारची कौलं हलतात. वॅटचं गणित लक्षात ठेवा: वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे 50 आणि 100 वॅटमधला फरक लोक समजतात तितका मोठा नाही. बॉस कटाना 50 सारखा, अर्ध्या वॅटपर्यंत उतरवता येणारा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारा) घर आणि मांडव दोन्हीकडे पुरतो. महत्त्वाचा तो स्पीकर. 12 इंचाचा घ्या. 6 इंचाच्या डब्यातून जाड ई तार फक्त पुटपुटते.

ट्यूब ॲम्प आधीच असेल तर स्टॅबिलायझर लावा आणि स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

पेडल किती आणि कोणती?

ट्यूनर, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं), एक डिले (प्रतिध्वनी देणारं). याच क्रमाने. बाकीचं वर्षभर घेऊ नका. डिलेची वेळ कानाने चाचपडण्यापेक्षा मोजा: 60,000 भागिले दर मिनिटाचे ठोके म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. 120 ठोक्यांना 500. त्याचं पाऊण, म्हणजे 375 लावलं की यू2 बँडचा गिटारवादक द एज याच्यासारखी धावती नक्षी मिळते. फक्त हात सरळ अर्ध्या-अर्ध्या ठोक्यावर आणि काटेकोर लयीत चालायला हवा. हात डळमळला की डिले ती चूक पुन्हा पुन्हा ऐकवतो.

पेडलमध्ये बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा, नाहीतर पेडल चालूच राहतं. पावसाळ्यात बॅटरी आत ठेवूच नका. ती पाझरली की हिरवट पावडर पट्ट्या खाऊन टाकते.

भजनाच्या पेटीबरोबर गिटारचा सूर कधीच जुळत नाही.

पेटी जुळत नाही, गिटार जुळवायची असते. पेटीची पांढरी सहा दाबा, ती ए. क्लिप ट्यूनर पेटीच्या लाकडाला लावून काटा बघा. तो 20 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर असेल तर पेटी 445 हर्ट्झच्या आसपास आहे. दर 4 सेंटला साधारण 1 हर्ट्झ धरा. ट्यूनरचा पाया 440 वरून 445 वर न्या आणि सगळ्या तारा नव्याने लावा. बुवा काळी एकमध्ये गात असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड) लावून सीच्या आकारातले कॉर्ड वाजवा, किंवा चौथ्यावर लावून एचे. आणि मृदंग-पेटीच्या साथीत डिस्टॉर्शन नको. पेटीचे स्वर आधीच दाट असतात, त्यात गिटारचा थर चढला की बुवांचे शब्द बुडतात.

या वाटेवर पुढे जायचं तर इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा 2000 सालचा 'कंदिसा' हा अल्बम नीट ऐका. त्यातले गिटारवादक सुस्मित सेन एका तारेचा आधारस्वर धरून दुसऱ्या तारेवर स्वरावली चालवतात. तबल्याबरोबर गिटारने जागा कशी सोडावी हे त्यात ऐकू येतं.

सुरुवात कोणत्या अल्बमांनी करावी?

डीप पर्पलचा 'मशीन हेड', 1972. गिटारवाल्याला यात सगळं उघडं ऐकू येतं. यातली 'स्मोक ऑन द वॉटर'ची, जगभर वाजवली जाणारी चाल बहुतेक जण ई आणि ए तारांवर पिकने, जाड पॉवर कॉर्डमध्ये वाजवतात आणि ती जड, मातकट लागते. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती डी आणि जी तारांवर वाजवतो, पिक बाजूला ठेवून, दोन बोटांनी दोन्ही तारा एकाच क्षणी उचलून. पिक एका तारेनंतर दुसरीला लागतो, बोटं दोघींना एकदम सोडतात. चालीचा टणकपणा तिथून येतो. तुमच्या ॲम्पवर गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) अर्ध्याहून खाली ठेवून करून बघा.

त्यानंतर एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक', 1980. गेन वाटतो त्याहून खूप कमी आहे, आणि दोन स्वरांमधली शांतता हा त्यातला अर्धा आवाज आहे. तो बहामाजमधल्या नासाउ इथे ध्वनिमुद्रित झाला. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (1985) आणि द पोलीसचा 'सिंक्रोनिसिटी' (1983) यांचं बरंचसं काम मॉन्सेरात बेटावरच्या एअर स्टुडिओत झालं, जो 1989 च्या ह्यूगो वादळानंतर बंद पडला. म्हणजे खाऱ्या, दमट हवेत उत्तम गिटारवादन मुद्रित होतं. सबब सांगायला जागा नाही. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लरही बोटांनीच वाजवतो.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) हेडफोनवर, अंधारात, एका बैठकीत. तुकड्यांनी ऐकलात तर ऐकलाच नाहीत.

ब्लॅक सबाथसारखा जड आवाज हवा. जाड तारा लावू?

सबाथचा गिटारवादक टोनी आयोमीने उलट केलं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचाच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपण्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त बऱ्याच ठिकाणी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. जडपणा खालच्या सुरात आणि रिकाम्या जागेत आहे. तुमच्या तारा तेवढ्या उतरवल्यावर लोंबत असतील तर 10-46 ऐवजी 11-48 लावा (बारीक आणि जाड ई तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). मग नटच्या खाचा तपासा. जाड तार खाचेत अडकली की सूर लावताना टक् टक् असा आवाज येतो.

पुरात किंवा गळतीत गिटार आणि ॲम्प भिजले. काय करू?

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी आलं तसं चिखलाचं पाणी असेल तर ॲम्पचं बटण दाबून बघायचा मोह आवरा. प्लग काढा. ट्यूब ॲम्प असेल तर आत 400 व्होल्टच्या आसपास साठवणारे कपॅसिटर असतात, ते प्लग काढल्यावरही मारतात. झाकण जाणकारालाच उघडू द्या.

गिटारच्या तारा काढा. ट्रस रॉड तसाच राहू द्या. पिकगार्ड, पिकअप, जॅक आणि बोल्टची मान असेल तर मान वेगळी करा. चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून काढा, वाळला की खाचांत दगडासारखा बसतो. मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, सपाट फळीवर तीन-चार आठवडे ठेवा. ऊन, चूल, हेअर ड्रायर नको. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतलं लाकूड फुगलेलंच राहतं आणि चीर पडते. पॉट (आवाज आणि टोनची फिरती बटणं) आणि स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनर फवारून वीस वेळा फिरवा. तरी खरखरले तर बदला: हंबकरला (दोन वेटोळ्यांचा पिकअप) 500 किलोओहमचा पॉट, सिंगल कॉइलला 250 चा. पिकअप मल्टिमीटरवर मोजा. सिंगल कॉइल साधारण 6, हंबकर 8 किलोओहमच्या आसपास दाखवत असेल तर वेटोळं शाबूत आहे आणि गिटार परत वाजेल. ट्रस रॉड शेवटी, मान पूर्ण सुकल्यावर आणि नव्या तारा चढवल्यावरच तपासा.